वांग्याचा नवा वाण काढायचा तर आई-बाप कसे निवडावेत

जळगावचे भरिताचे वांगे, मांजरी गोटा आणि कृष्णाकाठचे काटेरी वांगे शेजारी मांडले तर ही एकाच पिकाची फळे वाटत नाहीत. म्हणून दिसायला सर्वांत वेगळी अशी दोन झाडे घेऊन संकर करावा, असे वाटणे साहजिक आहे. पण दिसण्यातला फरक आणि रक्तातला फरक एकच असेल असे नाही.

पहिले काम कागदावरचे. आपल्याला नेमके काय हवे ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, ‘मांजरी गोट्याची चव आणि पट्टे हवेत, पण शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचा त्रास कमी हवा.’ ‘सगळेच चांगले हवे’ असे लिहिलेत तर निवड कधीच होणार नाही. फळाचे वजन आणि फळांची संख्या सहसा उलट दिशेने जातात, तेव्हा त्यातले कशाला झुकते माप द्यायचे तेही आत्ताच ठरवा.

मग बी गोळा करा: गावातले जुने वाण, बीजबँका, कृषी विद्यापीठांचे वाण. पंधरा-वीस नमुने पुरे. प्रत्येकाचे बी एकाच फळातून न घेता बऱ्याच झाडांवरून घ्या.

हे सगळे एकाच शेतात, एकाच दिवशी लावा. प्रत्येक नमुन्याची ओळ शेतात तीन वेगवेगळ्या जागी आली पाहिजे, नाहीतर जमिनीच्या कसालाच वाणाचा गुण समजून बसाल. ओळखीचा एक वाण तुलनेसाठी ठेवा. नोंदी अशा: निम्म्या झाडांना फुले येईपर्यंतचे दिवस, झाडामागे फळे, फळाचे वजन, लांबी-घेर, काटे, किडलेली फळे, मर (झाड कोमेजून वाळण्याचा रोग) लागलेली झाडे. भाजून, शिजवून चवही बघाच. पुष्कळ प्रयोगांत ही नोंद राहून जाते.

आता गट पाडा. संशोधक यासाठी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मांडलेले ‘डी-स्क्वेअर’ अंतर संगणकावर काढतात. अनेक गुण एकदम धरून कोण कोणाच्या जवळचा ते त्यातून कळते. दोन जिल्ह्यांतले नमुने एकाच गटात येणे आणि एकाच गावचे दोन नमुने लांबच्या गटांत जाणे, हे अशा अभ्यासांत नेहमीचे आहे. बी बाजारातून, सासरहून, पाहुण्यांकडून फिरत असते, त्यामुळे पत्त्यावरून नाते ठरत नाही. संगणक नसेल तर मोजलेल्या गुणांचा तक्ता करून सारखे नमुने एकत्र लावा. ढोबळ चित्र मिळते.

जोडी वेगळ्या गटांतून घ्या, पण सर्वांत टोकाची नको. डोरलीसारख्या रानटी भावंडात रोगाशी झुंजण्याची ताकद असते, मात्र कडूपणा आणि काटेही सोबत येतात आणि ते काढून टाकण्यात पिढ्या जातात. माझ्या मते एक पालक बाजारात आधीच चालणारा असावा आणि दुसऱ्याकडे पहिल्याची नेमकी उणीव भरून काढणारा गुण असावा. संकराआधी दोघांच्या फुलांवर पिशव्या बांधून एक-दोन पिढ्या प्रत्येकाचे त्याच्या स्वतःच्याच परागाने धरलेले बी घ्या. नाहीतर मधमाशांमुळे वांग्यात परक्या परागाची भेसळ होते.

संकरासाठी फूल पारखून घ्या. एकाच झाडावर लांब, मध्यम आणि आखूड स्त्रीकेसराची फुले येतात. आखूड केसराच्या फुलाला फळ जवळजवळ धरतच नाही. दुसऱ्या दिवशी उमलेल अशी लांब केसराची कळी संध्याकाळी चिमट्याने उघडा, पुंकेसर काढा, पिशवी बांधा. सकाळी दुसऱ्या पालकाचा पराग कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) लावून पुन्हा झाका आणि चिठ्ठी अडकवा. हिरव्या खोडाचे झाड आई आणि जांभळ्या खोडाचे बाप ठेवलेत तर बहुधा रोपातच निकाल कळतो: खोड जांभळे आले की संकर साधला.

पहिल्या पिढीची झाडे एकसारखी दिसतील, त्यांत निवड करू नका. त्यांचेच बी धरून दुसऱ्या पिढीत दोनेकशे तरी झाडे लावा, कारण दोन्ही पालकांचे गुण तिथे झाडागणिक वेगवेगळे होऊन दिसतात. पसंत पडलेल्या झाडांची फुले झाकूनच बी धरा.