१८६३ मधून ८७ वजा करा

अमेरिकेच्या इतिहासातली सनावळी सुटी सुटी घोकू नका, जोड्या लावा. सगळ्यात पक्की जोडी लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणात आहे. १९ नोव्हेंबर १८६३ च्या त्या भाषणाची सुरुवातच ‘चार विसा आणि सात वर्षांपूर्वी’ अशी होते, म्हणजे ८७ वर्षं. १८६३ वजा ८७, उत्तर १७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल. एक साल आठवलं की दुसरं निघतंच. गुलाममुक्तीचा जाहीरनामाही त्याच वर्षीचा, १ जानेवारीचा. पण तो फक्त यादवी युद्धातल्या बंडखोर भागांपुरता होता. देशभरातली गुलामगिरी संपवणारी १३वी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ ला मंजूर झाली. इथे बरेच जण फसतात.

दुसरा घोळ ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. साल तेच, १७७६. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला संमत झाला, ४ तारखेला जाहीरनाम्याचा मजकूर स्वीकारला गेला आणि बहुतेक सह्या थेट २ ऑगस्टला झाल्या. प्रश्नात ‘ठराव’, ‘स्वीकार’ की ‘सह्या’, हे नीट वाचूनच पर्याय निवडा.

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो. ९/११ म्हणजे ११ सप्टेंबर २००१. म्हणून टिपणं काढताना महिना कायम अक्षरांत लिहा.