मोनबुशोबद्दल ज्युनियर्सशी बोलायला जाताना

मोनबुशो शिष्यवृत्तीवर जपानला जाऊन परतलं की पुण्यातल्या जपानी विभागातून हमखास फोन येतो: "या की एकदा, मुलांशी बोला." जरूर जा. फक्त साकुराचे फोटो घरी ठेवा. फुजी-सान मुलांनी तुमच्याआधी इन्स्टाग्रामवर पाहिलाय. त्यांना हवा असतो हिशेब: मी यात बसते का, अर्ज कधी भरायचा, घरी काय सांगायचं.

आपण अजूनही मोनबुशो म्हणतो ती जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची, म्हणजे मेक्स्टची, शिष्यवृत्ती. तिच्यातला 'जॅपनीज स्टडीज' हा प्रकार साधारण वर्षभराचा. त्यातून डिग्री मिळत नाही. कोण बसत नाही, ते सुरुवातीलाच सांगून टाका. पदवीचा मुख्य विषय जपानी भाषा किंवा संस्कृती असावा लागतो. संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स करणारी बी.कॉम.ची, इंजिनियरिंगची मुलं यात येत नाहीत, मग त्यांची एन-३ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) का झालेली असेना. त्यांना तसंच परत पाठवू नका. पदवीनंतर स्वतःच्या विषयात 'रिसर्च स्टुडंट' म्हणून अर्ज करता येतो, हे कानावर घाला.

मग फळ्यावर वर्षं मांडा, कारण हे तोंडी सांगून कुणालाच कळत नाही. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास निघतात. प्रत्यक्ष जाणं सप्टेंबर-ऑक्टोबरात. आणि मेख अशी, की जाताना आणि परतल्यावरही तुम्ही आपल्या विद्यापीठात पदवीलाच असायला हवं. म्हणजे तीन वर्षांच्या बी.ए.ला टी.वाय.त अर्ज करून उपयोग नाही. निघायच्या आत पदवी पूर्ण होते आणि पात्रता संपते. चार वर्षांचा पर्याय घेणाऱ्यांना एक संधी जास्त, एवढंच. एरवी एस.वाय.तच भरायचा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जा, आणि एफ.वाय., एस.वाय.च्या वर्गांवर जा. डिसेंबरची जेएलपीटी झाल्यावर गेलात तर ऐकणाऱ्यांच्या हातात तयारीला काही उरत नाही. दूतावासाची जपानी भाषेची लेखी परीक्षा आणि मुलाखत समोर असते. सगळ्यांत जास्त प्रश्न टी.वाय.ची मुलं विचारतात. वाईट वाटतं, पण नियम गुळमुळीत करून सांगू नका.

पैशांचं स्पष्ट बोला. दरमहा १,१७,००० येन, जाण्या-येण्याचं विमानभाडं, फी माफ. पालक आलेले असतील तर एखादे काका लगेच मोबाइल काढून येनचे रुपये करतात आणि खूश होतात. त्यांना सांगा, होस्टेलचं भाडं, आरोग्य विमा, खाणंपिणं सगळं यातूनच. शिवाय पहिली रक्कम पोचल्या पोचल्या हातात पडत नाही. सुरुवातीच्या खर्चाला सुमारे २,००० डॉलर जवळ ठेवा, असं माहितीपत्रकातच म्हटलेलं असतं. आणि दर महिन्याला विद्यापीठाच्या ऑफिसात जाऊन सही करायची. सही नाही, तर त्या महिन्याचे पैसे नाहीत. हे सांगितलं की वर्गात पेनं बाहेर येतात.

आईवडिलांचा खरा प्रश्न वेगळाच असतो: "वर्ष वाया जाणार का?" याचं उत्तर तुम्ही देऊ नका. विभागप्रमुखांना आधीच विचारून सत्राला बसवा आणि क्रेडिटचं काय होतं ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. शिफारसपत्रही कॉलेजकडूनच लागतं, त्यामुळे त्यांनी ऐकलेलं बरं. जेवणाबद्दल विचारतीलच. शाकाहारी घरांना खोटा धीर देऊ नका. मिसो सूपमध्ये वरून नुसतं तोफू दिसलं, तरी खालच्या दाशीत, म्हणजे मूळ रश्शात, बहुतेक वेळा मासा असतो. कुकर लावता येणारी मुलं मजेत राहतात. "पुढे काय?" यावर मी फार बोलत नाही, चाकणला इंटरप्रिटर आहे म्हटलं की पुरतं.

सत्र संपल्यावर ग्रुप काढाल तर लहान ठेवा. मुलांना विद्यापीठांचं कोर्स गाइड स्वतः वाचायला लावा. काहींचा भर भाषेवर असतो, काहींचा संस्कृतीवर, आणि पसंतीक्रम अर्जातच द्यावा लागतो. नुसतं 'तोक्यो हवं' लिहिणाऱ्यांना परत पाठवा: तिथे कुठला विषय, कुठले सेन्सेई (शिक्षक), हे शोधून आण म्हणावं. अर्जातला मजकूर वाचून द्या, व्याकरणाखाली रेघ मारा, पण एक वाक्यही लिहून देऊ नका. मुलाखतीत त्याच वाक्यावर बोट ठेवून जपानीत विचारतात.