कोठ्यातला कॅमेरा घरच्या मोबाइलवर, तेही नेटशिवाय

गाय व्यायला आली की रात्रभर टॉर्च घेऊन कोठ्यात चकरा माराव्या लागतात, पौषाच्या थंडीत तर लय जिवावर येते. घरात एखादा जुना लॅपटॉप अन साधा यूएसबी वेबकॅम पडला असेल तर बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलमध्ये गाय दिसते, अन याले नेट लागतच नाही, कारण चित्र घरच्या राउटरच्या बाहेर जात नाही. नेट फक्त इन्स्टॉल करतानी लागते, तेवढ्यापुरता मोबाइलचा हॉटस्पॉट पुरते.

लॅपटॉप यासाठी की लाइन गेली तरी बॅटरीवर चालते. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लॅपटॉप चालू अन चित्र गायब. वेबकॅमची वायर ५ मीटरच्या वर वाढवू नका, त्यापेक्षा लॅपटॉपच कोठ्याजवळ न्या, फक्त तिथं वायफाय पोचते का ते आधी पाहा. झाकण लावलं तरी तो झोपणार नाही अशी सेटिंग पण करून ठेवा.

लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटची सिस्टीम, टाका अन टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, मोशन नावाचा प्रोग्राम इन्स्टॉल करा. कॅमेरा घेणं अन वेब पेज दाखवणं दोन्ही तोच करते. मग त्याची मोशन डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल उघडा, खरी मेख इथंच आहे. स्ट्रीम लोकलहोस्ट ऑन असलं तर चित्र फक्त त्याच लॅपटॉपवर दिसते, मोबाइलवर काहीच नाही, अन माणूस उगाच राउटरले शिव्या देत बसते. ते ऑफ करा. दुसरं म्हणजे स्ट्रीम मॅक्सरेट, हे मुळात १ राहते म्हणजे सेकंदाले एकच फोटो, गाय अडकत अडकत शेपटी हलवतानी दिसते. ५ ते १० करा, साइज ६४० बाय ४८० बस झाली. मूव्ही आउटपुट ऑफ करा, नाहीतर गाय हलली की रेकॉर्डिंग, डिस्क भरून जाते. वायफायचा पासवर्ड अर्ध्या गावाले माहीत असेल तर स्ट्रीमले, म्हणजे या चालू चित्राले, पण पासवर्ड टाका.

फाइल सेव्ह करून मोशन रिस्टार्ट करा. आता लॅपटॉपचा आयपी, म्हणजे राउटरनं त्याले दिलेला पत्ता, पाहा, समजा १९२.१६८.१.५० आहे, तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपी लावून १९२.१६८.१.५०:८०८१ टाका. एचटीटीपीएस टाकलं तर उघडणार नाही. राउटरमध्ये हा आयपी फिक्स करून घ्या, नाहीतर लाइन जाऊन आली की पत्ता बदलू शकते.

तरी नाही उघडलं तर मोबाइल डेटा बंद करून पाहा. वायफायले नेट नाही असं दिसलं की काही मोबाइल गुपचूप डेटावर जातात, अन तिथून तुमचा कोठा कसा दिसन बाप्पा?

राहिला अंधार. साध्या वेबकॅमले रात्रीचं दिसत नाही, अन उजेड कमी असला की तो फ्रेम पण कमी देते. एक छोटा एलईडी लावा, पण कॅमेऱ्याच्या मागून, समोर बल्ब आला की गाय काळीच दिसते.