नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन: फॉर्म भरायच्या आधी एवढं बघून घ्या

तालुक्याच्या गावी माझं फॉर्म भरायचं दुकान आहे, पोलीस स्टेशन शंभर पावलांवर, त्यामुळे रोज दोन-तीन जण तरी "ते पोलिसांचं सर्टिफिकेट काढायचंय" म्हणत येतातच. कुठलं सर्टिफिकेट, असं विचारलं की गप्प. मोबाईल पुढे करतात, त्यात एचआरचा मेसेज, 'पीसीसी सेंड करा'. आणि जॉइनिंग सोमवारी, आज शुक्रवार.

तर सगळ्यात आधी एचआरला फोन लावून विचारा की नक्की काय पाहिजे, कारण आपल्याकडे चार वेगळ्या भानगडींना लोक एकच नाव लावतात.

एक म्हणजे चारित्र्य पडताळणीचा दाखला. सिक्युरिटी गार्ड, शाळेतला शिपाई किंवा बसवरची मावशी, रिक्षा-टॅक्सीचा बॅज, एमआयडीसीतली कंत्राटी नोकरी, यासाठी हाच लागतो. हा तुमच्या जिल्ह्याचं पोलीस अधीक्षक कार्यालय नाहीतर शहर असेल तर पोलीस आयुक्तालय देतं, अर्ज ऑनलाईन. दुसरी म्हणजे परदेशात नोकरीला जायला लागणारी पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ती पासपोर्ट ऑफिस देतं, पासपोर्ट सेवाच्या साईटवरून अर्ज, फी ५०० रुपये. कुवेत-दुबईला निघालेले लोक जिल्हा पोलिसांचा दाखला घेऊन एजंटकडे जातात आणि परत येतात, तो तिथे चालत नाही. उलटही होतं, पुण्यातल्या गोडाऊनच्या नोकरीसाठी पासपोर्टवाली पीसीसी काढायला निघालेले बघितलेत मी, पासपोर्ट नसताना.

तिसरी सरकारी नोकरीची पडताळणी. ही तुम्ही काढायचीच नसते. निवड झाली की तुमच्याकडून साक्षांकन नमुना, म्हणजे ॲटेस्टेशन फॉर्म, भरून घेतात आणि तो ऑफिसच पोलिसांकडे पाठवतं. चौथं म्हणजे प्रायव्हेट कंपनीचं बीजीव्ही, म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, यात बऱ्याचदा पोलीस नसतातच. कंपनी एखाद्या एजन्सीला काम देते, ते मार्कशीट, जुनी कंपनी, पत्ता बघतात आणि तुमच्या नावाने कोर्टाच्या केसेस शोधतात. कोर्टाच्या केसेस ऑनलाईन कोणालाही दिसतात, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. त्यावर पुढे येतो.

आता दाखल्याचा अर्ज. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला आणि कंपनीचं पत्र, एवढं स्कॅन करून तयार ठेवा. खरी गंमत पत्त्याची होते. आधारवर गावचा पत्ता, राहतो चाकणला कॉट बेसिसवर, आणि अर्जात सध्याचा पत्ता म्हणून परत गावचाच टाकलेला. मग पोलीस गावी जातात, शेजारचे म्हणतात तो इथं नसतो दोन वर्षं झाली, आणि अर्ज परत. जिथे राहता तो पत्ता सध्याचा म्हणून खरा टाका, भाडेकरार जोडा, गावचा कायमचा म्हणून टाका. दोन पोलीस स्टेशनांकडून रिपोर्ट यायचा असेल तर वेळ जास्त जाणार, हे एचआरला आधीच सांगून ठेवा, बरेच एचआर अर्जाची पावती घेऊन जॉइन करून घेतात आणि दाखला नंतर आणायला सांगतात. फोन बंद ठेवू नका, स्टेशनमधून गोपनीय शाखेचे अंमलदार, म्हणजे पडताळणी बघणारे पोलीस, फोन करतात, दोनदा लागला नाही की अर्ज तसाच पडून राहतो. फी असते ती ऑनलाईन भरता आणि पावती मिळते, त्याच्यापलीकडे कोणाला काही द्यायचं नसतं.

पोलीस बघतात काय? तर स्टेशनचं रेकॉर्ड आणि सीसीटीएनएस, म्हणजे देशभरातली पोलीस स्टेशनं जोडणारी कॉम्प्युटर सिस्टीम. त्यामुळे नाशिकला झालेला गुन्हा सोलापुरात दिसणार नाही हा गैरसमज सोडा.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं टाईप करायला बसलो. लोकांची नोकरी केसमुळे जाते त्यापेक्षा जास्त वेळा फॉर्ममध्ये 'नाही' लिहिल्यामुळे जाते. आणि ते सगळेच लबाड असतात असं नाही, बऱ्याच जणांना आपल्यावर नक्की काय झालंय हेच कळलेलं नसतं. "अहो ते मिटलं कधीच." मिटलं म्हणजे काय झालं? इथेच सगळं अडतं.

बघा, एनसी म्हणजे अदखलपात्र, शिवीगाळ, किरकोळ मारहाण वगैरे, पोलीस नोंद करून कोर्टात जायला सांगतात. एनसी म्हणजे एफआयआर नाही. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखावी म्हणून घेतलेला बॉण्ड, ती शिक्षा नाही, पण रेकॉर्डला दिसते. एफआयआर झाला तर गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. त्याचा तपास होऊन एकतर कोर्टात चार्जशीट जाते नाहीतर समरी, म्हणजे खटला न चालवता तपास बंद करायचा रिपोर्ट. समरी आपल्या महाराष्ट्रात तीन नावांनी चालते: ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तुमच्यावरच्या तक्रारीत बी समरी झाली असेल आणि कोर्टाने ती मंजूर केली असेल तर त्या ऑर्डरची नक्कल म्हणजे सोनं, जपून ठेवा.

चार्जशीट गेली की कोर्टाचा नंबर पडतो, आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) किंवा एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) एवढे एवढे, यातल्या समरीचा वरच्या समरीशी संबंध नाही. शेवट होऊ शकतो निर्दोष मुक्ततेने, तडजोडीने, हायकोर्टात गुन्हा रद्द होऊन, नाहीतर शिक्षेने. आणि शिक्षा म्हणजे फक्त जेल नाही हो! हे मी दुकानात इतक्या वेळा सांगतो की आता बोर्डच लावणार आहे. दारू पिऊन गाडी चालवताना धरलं, कोर्टात 'कबूल' म्हणून दंड भरला, घरी आला. जुगाराच्या धाडीत सापडला, दंड भरला. रस्त्यावर गोंधळ घातला म्हणून पोलीस ॲक्टखाली धरलं, दंड भरला. हे सगळं दोषी ठरणंच आहे. साधं हेल्मेटचं ई-चलन मोबाईलवर भरलं ते वेगळं, त्याची काळजी करू नका, पण मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून भरलेला दंड हा दोषसिद्धीत धरला जातो, रक्कम पाचशे असली तरी.

एक पोरगा आलेला, बँकेच्या कॅश व्हॅनवर काम लागणार होतं. फॉर्मवर प्रश्न होता, 'आपणास कधी कोणत्याही गुन्ह्यात अटक, खटला, दंड अथवा शिक्षा झाली आहे काय?' तो म्हणाला नाही टाका. मी म्हटलं थांब, आंदोलनात होतास का कधी, मिरवणुकीत भांडण वगैरे? तर जमावबंदीत रास्ता रोको केलेला, पोलीस ॲक्टचं कलम ३७ आणि १३५ लागलेलं, "पण ती केस सरकारने मागे घेतली ना पेपरात आलेलं." पेपरात आलं म्हणजे केस संपली असं नसतं. आंदोलनाच्या केसेस मागे घ्यायचा निर्णय सरकारचा, पण सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने परवानगी द्यावी लागते, मग ती संपते. लॉकडाऊनमध्ये सरकारी आदेश मोडला म्हणून लागलेल्या कलम १८८ च्या केसेसचंही तसंच, २०२२ मध्ये मागे घ्यायचं ठरलं, तरी आपली संपली का ते आपण बघायचं. आम्ही तिथेच ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टाच्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी साईटवर बघितलं, त्याची केस 'पेंडिंग' दाखवत होती, पुढची तारीखसुद्धा होती. पोरगा बघतच राहिला.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे घरी बसून करा. ई-कोर्ट्सवर जा, जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, पक्षकाराच्या नावाने शोधा, वर्ष टाका, पेंडिंग आणि निकाली दोन्हीत बघा. नाव इंग्रजीत असतं आणि स्पेलिंग क्लार्कने जसं टाकलं तसं, त्यामुळे नाव-आडनाव उलटसुलट करून, स्पेलिंग बदलून, दोन-चार वेळा शोधा. सापडलं की सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख नंबर, लिहून घ्या, पुढे सगळीकडे तोच लागतो. ज्या कोर्टात केस होती तिथे नक्कल विभागात अर्ज करून निकालाची सर्टिफाईड कॉपी काढा. वकिलाकडे असलेली झेरॉक्स नाही, शिक्क्याची नक्कल.

मग फॉर्मचा प्रश्न शब्द न् शब्द वाचा. 'शिक्षा झाली आहे का' एवढंच विचारलं असेल आणि तुम्ही निर्दोष सुटला असाल तर उत्तर 'नाही' हे खरंच आहे. पण 'कधी अटक किंवा खटला' असं विचारलं असेल तर सुटला असलात तरी उत्तर 'होय', आणि खाली गुन्हा नंबर, कोर्टाचा नंबर, निकालाची तारीख, सोबत नक्कल जोडली आहे असं लिहा. साक्षांकन नमुन्यात तर वरच इशारा असतो की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र. फॉर्म दिल्यानंतर आणि जॉइनिंगच्या आधी काही झालं तर तेही लगेच कळवायचं असतं, हे बरेच जण विसरतात.

होय लिहिलं की नोकरी गेलीच असं समजू नका. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने यावर नीट नियम घालून दिलेत. थोडक्यात, तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे किरकोळ गुन्हा लपवला असेल तर मालक ते माफ करू शकतो. गंभीर गुन्हा किंवा एकापेक्षा जास्त केसेस मुद्दाम लपवल्या तर नोकरी जाऊ शकते. फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं धरता येत नाही. आणि खरं सांगितलं तरी मालकाला पूर्वेतिहास बघून ठरवायचा हक्क आहे, म्हणजे खरं सांगितलं म्हणून घ्यायलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या एका उमेदवाराची जुनी, तडजोडीने मिटलेली केस कोर्टाने सोडून दिली होती, पोरवयात चुका होतात म्हणून.

पोलीस भरतीवाल्यांनी मात्र जरा जपून. २०१३ च्या मेहर सिंगच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की साक्षीदार फितूर झाले किंवा तडजोड झाली म्हणून सुटणं आणि खरंखुरं निर्दोष ठरणं यात फरक आहे, आणि पोलीस दल तो फरक बघू शकतं. त्यामुळे निकालाचा शेवटचा परिच्छेद वाचा. 'संशयाचा फायदा' असं लिहिलंय का 'पुरावाच नाही' असं, हे भरतीच्या आधी वकिलाला दाखवा. माझ्यासारख्या फॉर्मवाल्याला नको.

अठरा वर्षांच्या आत काही झालं असेल तर वेगळं आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ म्हणतं की त्या दोषामुळे कुठलीही अपात्रता येत नाही (सोळा वर्षांवरच्या ज्याला बाल न्यायालयाने मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी धरलं तो सोडून), आणि कलम ७४ प्रमाणे केस बंद झाली असेल तर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी ते रेकॉर्ड उघडच करायचं नाही. तरी कुठे निघालं तर हे कलम लेखी अर्जात टाका.

आता नावाचा गोंधळ. संतोष, गणेश, सचिन आणि पुढे पाटील, जाधव, शिंदे, एका जिल्ह्यात एकाच नावाची किती माणसं असतील विचार करा. बीजीव्हीवाले नाव, वडिलांचं नाव, पत्ता जुळवतात, पण घाईत जुळवतात. रिपोर्ट लाल, म्हणजे नावावर केस आहे असा, आला म्हणून एका बाईंचं ऑफर लेटर थांबवलेलं, केस होती त्याच नावाच्या दुसऱ्या बाईवर, गाव वेगळं, वय वीस वर्षांनी जास्त. असं झालं तर चिडून एचआरशी भांडू नका, रिपोर्टमधला केस नंबर मागा. त्या केसच्या निकालात आरोपीचं वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, राहणार कुठे हे सगळं असतं, ते आणि तुमचं आधार शेजारी ठेवून मेल करा, वर एक प्रतिज्ञापत्र. त्या बाईंचं अशाने चार दिवसांत क्लिअर झालं.

आणि केस खरंच तुमचीच, पण निकाल लागून वर्षं झाली तरी पोलिसांच्या रेकॉर्डला अजून 'न्यायप्रविष्ट' दिसतेय, असंही होतं. मग त्या पोलीस स्टेशनला निकालाची नक्कल जोडून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. त्याचीच एक प्रत दाखला देणाऱ्या शाखेला. महिनाभर हललं नाही तर माहिती अधिकारात विचारा की माझ्या अर्जावर काय कार्यवाही केली, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि माझा अनुभव असा की उत्तर यायच्या आधीच काम होतं.

शेवटचं एक, नक्कल लॅमिनेट करू नका. एकाने मुद्दाम चांगली जाड लॅमिनेट करून आणली, आणि भरतीच्या टेबलवरच्या साहेबांनी शिक्का बोटाने चाचपून बघितला, उजेडात धरला, आणि परत दिली, कलर झेरॉक्स वाटते म्हणाले. परत नक्कल अर्ज, परत कोर्ट फी, परत आठवडा.