ऑइल लांब चालवायचंय? आधी नमुना नीट काढायला शिका

तेल काळं पडलं म्हणजे ते संपलं, असं सांगणारा भेटला की मी विषय बदलतो. डिझेल इंजिनात भरलेलं कोरं तेल काही तासांत काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळून ‘यात आता काही राहिलं नाही’ म्हणणाऱ्यांचीही तीच गत. तेल नेहमीच्या अंतरापेक्षा पुढे न्यायचं असेल तर लॅबमध्ये तपासून घ्यायला पर्याय नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हा उद्योगच करू नका, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर तेल बदला आणि मोकळे व्हा.

पहिला नमुना वापरलेल्या तेलाचा नसतो, कोऱ्या तेलाचा असतो. ज्या डब्यातून इंजिनात भरलं त्याच डब्यातलं थोडं तेल लॅबला पाठवा. हे टाळून वाचवलेले पैसे पुढे मनस्तापात जातात. रिपोर्टात मॉलिब्डेनम दिसलं की ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ म्हणून घाबरणारे मी पाहिलेत. ते बहुतेक वेळा तेलातच मिसळलेलं असतं. कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांचंही तसंच. कोऱ्या तेलाचा आकडा शेजारी नसेल तर कुठलं मूळचं आणि कुठलं इंजिनातून आलं, हे कोण सांगणार?

लॅबकडून काय काय मागायचं: धातूंचं प्रमाण, १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), टीबीएन, तेलात उतरलेलं इंधन, पाणी आणि कूलंट (रेडिएटरमधलं द्रव), डिझेल असेल तर काजळीही. टीबीएन म्हणजे आम्ल मारण्याची तेलाची शिल्लक ताकद. बऱ्याच ठिकाणी ही चाचणी वेगळी सांगावी लागते. लांब अंतरासाठी टीबीएन नसलेला रिपोर्ट निम्माच समजा.

वेळापत्रक सोपं आहे. नेहमीच्या अंतराच्या पाऊण टप्प्यावर एक नमुना, मग दर दोन-तीन हजार किलोमीटरला एक.

आता जिथे खरं अडतं तो भाग. लॅब तुमच्या बाटलीतलं तेल तपासते, इंजिनातलं नाही. ही दोन्ही एकच असावीत ही जबाबदारी तुमची.

मी सुरुवातीला सकाळी, रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाचा ड्रेन प्लग (तेल सोडायचं खालचं बूच) सैल करून पहिली धार बाटलीत घ्यायचो. हात भाजत नाही, काम झटपट. एकदा लोखंड आधीच्या नमुन्याच्या दुप्पट आलं. इंजिन खोलायच्या गोष्टी सुरू झाल्या. एका जाणत्याने विचारलं, ‘गरम होतं का?’ नव्हतं. रात्रभरात जड कण आणि गाळ इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी बसला होता आणि मी नेमका तोच खरवडून बाटलीत घेतला होता. दोन दिवसांनी नीट नमुना काढला तर लोखंड पूर्वीच्याच रांगेत. तेव्हापासून थंड इंजिनाचा नमुना मी फुकटही घेत नाही.

नमुना काढायचा तो निदान अर्धा तास रस्त्यावर चालवून आलेल्या गाडीतून. जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवणं त्याच्या बरोबरीचं नाही; तेल पुरेसं तापत नाही, त्यात उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत तेल हातात हवं. तासभर चहा घेत बसलात तर पुन्हा पहिल्यापासून.

काढायचं कुठून? तेल बदलत असाल तर ड्रेनच्या धारेतून, पण पहिली आणि शेवटची धार सोडून मधली. तेल चालूच ठेवायचं असेल तर डिपस्टिकच्या नळीतून, हाताने ओढायच्या व्हॅक्यूम पंपाने. प्लॅस्टिकची नळी डिपस्टिकशेजारी धरून मापा आणि तिच्यावर चिकटपट्टीची खूण करा. टोक तेलात बुडलं पाहिजे, पण चेंबरच्या तळाला टेकता कामा नये. तळाला टेकलेली नळी म्हणजे माझी ती सकाळची चूकच, फक्त महागड्या पंपाने केलेली. पहिलं थोडं तेल वेगळ्या भांड्यात ओढून टाकून द्या, मग खरी बाटली लावा. पंप सरळ उभा धरा. तिरका झाला की तेल पंपात शिरतं आणि पुढच्या प्रत्येक नमुन्यात मागच्याचा अंश उतरतो. नळी दर वेळी नवी. धुतलेली नळी ही जुनीच नळी असते.

बाटलीचंही तसंच, आणि हे मी फजितीतून शिकलो. एकदा लॅबची बाटली संपली म्हणून घरातली एक बाटली साबणाने धुऊन वापरली. रिपोर्टात सोडियम वर गेलेलं, पुढे शेरा: कूलंट गळतीची शक्यता. रेडिएटरची प्रेशर टेस्ट केली, हेड गॅस्केटवर संशय घेतला, झोप उडाली. कूलंट उतरलं की बहुधा वाढणारं पोटॅशियम मात्र जागचं हललं नव्हतं, कूलंटची पातळीही बरोबर होती. सोडियम साबणाचं होतं. बाटली लॅबचीच घ्या, झाकण शेवटच्या क्षणी उघडा आणि वारा-धूळ असलेल्या जागी हे काम करू नका. बाटलीत उडालेली चिमूटभर धूळ रिपोर्टात सिलिकॉन होऊन येते आणि तुम्ही विनाकारण एअर फिल्टरचा संशय घेत बसता.

काही नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे मधल्या टप्प्याचा नमुना विसरा, ड्रेनच्या वेळी घ्या.

नमुन्यासोबत नोंद द्या: तेल किती किलोमीटर चाललं, इंजिन किती चाललं, आणि मधे किती तेल वरून घातलं. हे शेवटचं लोक हमखास लपवतात किंवा विसरतात. समजा इंजिनात ६ लिटर तेल आहे आणि लोखंड ६० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ६०. एक लिटर गळून गेलं आणि तेवढंच कोरं घातलं, की तोच आकडा ५० दिसतो. इंजिन सुधारलं नाही, कोऱ्या तेलाने आकडा फक्त विरळ झाला. नमुन्यासाठी काढलेलं तेल भरून काढता, तेही यातच मोजा.

रिपोर्ट वाचताना सुटा आकडा बघू नका, दोन नमुन्यांमधली वाढ बघा. ८,००० किलोमीटरला २५ पीपीएम लोखंड, ११,००० ला ३३, १४,००० ला ४१ असेल तर सगळं ठीक आहे. आकडा मोठा होतोय, वेग तोच आहे. शेवटचा ६० आला तर वेग तिपटीच्याही वर गेला. तेव्हा आधी दुसरा नमुना, मगच मेकॅनिक. शून्यापासूनही मोजू नका: तेल बदललं तरी जुनं थोडं आत राहतंच, त्यामुळे पहिला हजार किलोमीटरचा नमुना इंजिनाची नाहक बदनामी करतो. नव्या इंजिनात तांबं जास्त दिसलं तर ते बऱ्याचदा ऑइल कूलरचं असतं आणि ओसरत जातं. सिलिकॉन एकटं असेल तर इंजिनाच्या सांध्यांना लावलेलं सीलंट आठवा. सोबत ॲल्युमिनियम आणि लोखंडही वाढलं तर धूळ आत शिरतेय.

थांबायचं कधी? टीबीएन कोऱ्या तेलाच्या निम्म्याखाली गेला की मी तेल बदलतो, वादविवाद नको. मात्र दोन्ही आकडे एकाच चाचणी पद्धतीचे असावेत, कारण पद्धत बदलली की आकडा बदलतो. व्हिस्कॉसिटी ग्रेडबाहेर गेली तरी बदला: ३० ग्रेडचं तेल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या आत हवं. त्याखाली घसरलं तर इंधन उतरलंय का ते पाहा. कूलंट सापडलं, तर तेल बदलून भागणार नाही, गळती शोधावी लागेल.

तेल काढाल तेव्हा ऑइल फिल्टर कापून बघा. धातूंची नेहमीची चाचणी साधारण पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट पकडते. बेअरिंग सोलपटायला लागलं तर त्याचे मोठे तुकडे रिपोर्टात येणार नाहीत, फिल्टरच्या घड्यांत सापडतील. कापायला फिल्टर कटरच वापरा. करवतीने कापलात तर फिल्टरच्या डब्याचाच कीस घड्यांत पडतो, आणि चुंबकाला चिकटलेला तो चुरा इंजिनाचा की करवतीचा, हे शोधत बसावं लागतं.