कल्चर टाकूनही चिपाडं कुजत नाहीत? या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कोपऱ्यावरच्या रसवंतीची चिपाडं, भाजीवाल्याकडचा फ्लॉवरचा पाला आणि आवारातला पालापाचोळा एकत्र कुजवतो. पहिल्या वर्षी तीन महिने उलटले तरी चिपाडं तशीच पिवळी आणि कडक. आम्ही कल्चरला दोष दिला. चूक आमचीच होती.

कल्चर म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण. दूध थंडगार असेल तर उत्तम विरजण लावूनही दही लागत नाही.

आम्ही नुसती चिपाडं भरली होती, तीही अख्खी. जिवाणूंना वाढायला कार्बनच्या २५ ते ३० भागांमागे नायट्रोजनचा १ भाग लागतो. चिपाडात कार्बन १०० भागांच्याही वर जातो. मग ढीग थंडच राहतो, कितीही कल्चर ओता. चिपाडांचे बोटाएवढे तुकडे करा आणि मधेमधे नायट्रोजनसाठी शेण, कोबी-फ्लॉवरचा पाला, मटारच्या शेंगांची टरफलं यांचे थर द्या. चार दिवसांनी लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढा. हात ठेववत नसेल तर आत ५५ ते ६५ अंश तापमान आहे, काम जोरात चाललंय. ही उष्णता धरायला ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा. ढिगाऐवजी लहान ड्रम असेल तर सळई कोमटच लागेल. घाबरू नका, फक्त वेळ जास्त लागतो.

नळाचं पाणी थेट कल्चरमध्ये घालू नका, त्यात क्लोरीन असतं. उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मग वापरा. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राच्या वेस्ट डिकंपोझर या कल्चरची बाटली २०० लिटर पाण्यात २ किलो गुळाबरोबर वाढवतात. सोसायटीला एवढं लागत नाही. तयार द्रावणातलं थोडं काढून पुढच्या वेळी पुन्हा गूळपाण्यात वाढवता येतं.

मुंबईत खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. मूठभर माल घट्ट पिळून बघा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर हवा कोंडली आहे. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळेच, आणि अशा वेळी आणखी कल्चर टाकणं म्हणजे पैसे वाया. ढीग उलथवा, सुका पाला मिसळा, खाली विटा रचा, वर ताडपत्री बांधा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास मात्र वेगळा. हिरवा माल, म्हणजे ओला पाला आणि शेण, जास्त झालाय, तिथेही सुका पालाच घालायचा.

अळ्या दिसल्या म्हणून आमच्याकडे कुणीतरी फिनेल ओतलं आणि महिनाभराची मेहनत गेली. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा खातात. ओलावा कमी केला की त्याही कमी होतात.

शहाळ्याच्या कवट्या या ढिगात नकोतच. त्यांना कडकपणा देणारं लिग्निन फोडणं हे प्रामुख्याने बुरशीचं काम, जिवाणूंचं नव्हे. त्या वेगळ्या काढून ठेवा.

खत काळं दिसलं म्हणून लगेच कुंडीत घालू नका. मूठभर खतात मेथी पेरा. चार-पाच दिवसांत नीट उगवली तर वापरा, नाहीतर आणखी महिनाभर झाकून ठेवा.