जुन्या मेडिकल बिलासाठी वसुली एजन्सीचा फोन आल्यावर काय करावे

अमेरिकेत चार-पाच वर्षांपूर्वीच्या उपचारांचे बिल थकले आहे, असा वसुली एजन्सीचा फोन आला की ओळखीचे लोक दोनच सल्ले देतात : 'भरून मोकळे व्हा', नाहीतर 'फोनच उचलू नका'. घरची आणि नातेवाइकांची अशी बरीच प्रकरणे निस्तरल्यावर मी ठामपणे सांगू शकतो की, हे दोन्ही सल्ले सारखेच महागात पडतात.

फोनवर एजन्सीचे नाव, पत्ता आणि मूळ रुग्णालयाचे नाव एवढेच लिहून घ्यावे. जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील देऊ नये.

खरी कसोटी यापुढे लागते. पहिल्या खेपेस पलीकडच्या बाई इतक्या आर्जवाने बोलल्या की, "आज निदान २५ डॉलर तरी भरा" या त्यांच्या शब्दांवर मी कार्डाचा क्रमांक सांगून बसलो. बिलासाठी दावा लावण्याची मुदत राज्यागणिक वेगळी, बहुतेक ठिकाणी ३ ते ६ वर्षांची असते. मात्र अनेक राज्यांत थोडीशी रक्कम भरली किंवा देणे लेखी मान्य केले तरी ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. माझ्या बिलाची मुदत संपायला जेमतेम चार महिने उरले होते आणि त्या २५ डॉलरांनी एजन्सीला ती सगळी परत मिळवून दिली. त्यामुळे पडताळणी होईपर्यंत एक सेंटही देऊ नये, 'सद्भावना म्हणून' तर मुळीच नाही.

पडताळणी मागायची ती पत्राने. १९७७ च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस कायद्यानुसार पहिल्या संपर्कानंतर ५ दिवसांत एजन्सीने देण्याचा तपशील पाठवावा लागतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत आपण लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. हे पत्र चार ओळींचेच असावे. माझ्या एका नातेवाइकाने 'नोकरी गेल्यामुळे बिल भरता आले नाही' असे सविस्तर, प्रामाणिक पत्र लिहिले होते. सहानुभूती मिळाली नाहीच, उलट देणे मान्य असल्याचा कागद एजन्सीच्या हाती आयता पडला. 'माझे बिल' असेही लिहू नये. 'आपण ज्या रकमेचा दावा करता ती मला मान्य नाही, तपशीलवार पुरावा पाठवावा' एवढे पुरते. पत्र सर्टिफाइड मेलने (नोंद राहणाऱ्या टपालाने) पाठवावे आणि पोहोचपावती म्हणून सहीनिशी परत येणारे हिरवे कार्ड पत्राच्या प्रतीला टाचून ठेवावे.

दरम्यान रुग्णालयाकडून बाबवार बिल आणि विमा कंपनीकडून त्या तारखेचे एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स (विम्याने किती भरले आणि रुग्णाकडे किती उरले, याचा तक्ता) मागवून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. एका प्रकरणात क्लेम जुन्याच विमा कंपनीकडे गेला होता आणि नाकारला गेल्यावर रुग्णालयाने तो योग्य कंपनीकडे पाठवलाच नव्हता. रुग्णालय विम्याच्या नेटवर्कमधले, म्हणजे विमा कंपनीशी करार केलेले असेल, तर क्लेम उशिरा पाठवल्याचा भुर्दंड त्याला रुग्णावर टाकता येत नाही, असे करारात बहुतेकदा असते.

'क्रेडिट (कर्जफेडीची पत) खराब होईल' या धमकीला फार घाबरू नये : भरलेली मेडिकल बिले जुलै २०२२ पासून आणि ५०० डॉलरांखालची एप्रिल २०२३ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्थांच्या अहवालांत दाखवली जात नाहीत.

देणे खरेच निघाले, तर घासाघीस करावी. मात्र ठरलेली रक्कम ही पूर्ण फेड मानली जाईल, असे पत्र हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि खात्यातून परस्पर वळते करण्याची मुभाही देऊ नये.

न्यायालयाचे समन्स आले, तर मुदतीत लेखी उत्तर द्यावेच. दाव्याची मुदत संपलेली असली तरी तो मुद्दा आपणच मांडावा लागतो. उत्तर न दिल्यास निकाल एकतर्फी लागतो आणि पगारातून कपातही सुरू होऊ शकते.